भूमिका-खेळातील सूत्रधाराचे अधिकार : स्वरूप आणि मर्यादा

प्रस्तावना

मेजाभोवती बसून केवळ संवादाच्या आधारे खेळल्या जाणाऱ्या भूमिका-खेळांना स्वतंत्र रूप प्राप्त झाले ते १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या खेळामुळे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे निर्माते होत. या खेळात प्रत्येक खेळाडू एका पात्राची भूमिका स्वीकारून ते पात्र काय करू इच्छिते, हे सांगतो. एक व्यक्ती मात्र परिस्थितीचे वर्णन करते, उर्वरित पात्रे चालविते आणि नियमांचा अर्थ लावते. तिला 'गेम मास्टर' म्हणतात. प्रस्तुत लेखात 'सूत्रधार' हा शब्द योजला आहे. या सूत्रधाराला किती अधिकार असावेत, याचे विवेचन येथे केले आहे. वर्गात भूमिकाभिनयाचा उपयोग करणाऱ्या प्राध्यापकासमोरही हाच प्रश्न उभा राहतो.

पंचाची परंपरा

या खेळांचे मूळ युद्धखेळांत आहे. प्रशियात राइसविट्स याने १८२४ मध्ये नकाशा, फासे आणि तपशीलवार नियम यांवर आधारलेला युद्धखेळ प्रसिद्ध केला. त्यात पंच होता, परंतु तो नियमांनी बांधलेला होता. नियमांच्या ओझ्याने खेळ मंदावतो, या कारणास्तव १८७६ मध्ये व्हेर्दी द्यु व्हेर्न्वा या सेनाधिकाऱ्याने बहुतेक नियम बाजूस सारून निर्णय अनुभवी पंचाच्या विवेकावर सोपविण्याचा पुरस्कार केला. त्यामुळे खेळाला गती आली, पण त्याची विश्वासार्हता एकाच व्यक्तीच्या निःपक्षपातीपणावर अवलंबून राहिली.

दशावतारातील सूत्रधार

सिंधुदुर्ग आणि उत्तर गोव्यातील दशावतारी नाट्यपरंपरा या संदर्भात विचारात घेण्याजोगी आहे. येथे लिखित संहिता नसते. आख्यानाचा आराखडा प्रयोगापूर्वी ठरतो आणि संवाद नट रंगमंचावर उत्स्फूर्तपणे रचतात. आडदशावतारात वेद चोरणारा संकासुर सूत्रधाराशी मनसोक्त वाद घालतो. तथापि, विष्णूच्या हातून त्याचा वध होणार, हे सर्वांना ठाऊक असते. शेवट परंपरेने निश्चित केलेला असल्यामुळे शब्द मोकळे सोडता येतात. भूमिका-खेळात मात्र शब्दही मोकळे आणि शेवटही अनिश्चित. म्हणून 'पुढे काय घडले?' या प्रश्नाचे उत्तर देणारा कोणीतरी लागतो.

अधिकाराचे तीन स्तर

सूत्रधाराचा अधिकार एकसंध नसून त्याचे तीन स्तर पाडता येतात. पहिला, परिस्थितीविषयीचा : बंद दारामागे काय आहे, हे एकालाच ठाऊक असल्याखेरीज शोधाला अर्थ राहत नाही. दुसरा, निवाड्याचा : कृती यशस्वी झाली की नाही, हे ठरविणे. हा अधिकार आवश्यक आहे, परंतु नियम आधी सांगितलेले असावेत आणि फासे सर्वांसमक्ष टाकले जावेत. तिसरा, पात्राच्या हेतूविषयीचा : पात्र काय इच्छिते, काय बोलते. हा सर्वस्वी खेळाडूचा होय. सूत्रधाराने तो घेतला की खेळाडूचा प्रेक्षक होतो.

पहिले दोन अधिकारही वाटून देता येतात. जेसन मॉर्निंगस्टार यांच्या २००९ मधील 'फियास्को' या खेळात सूत्रधारच नाही. प्रसंग उभे करणे व त्यांचा शेवट ठरविणे ही कामे खेळाडू आपापसांत वाटून घेतात. तिसरा अधिकार मात्र तेथेही ज्याचा त्याच्याकडेच राहतो.

अध्यापनातील उपयोजन

शहापूर तालुका आणि मुरबाडमधील काही गावे अनुसूचित क्षेत्रात येत असल्याने तेथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. हा कायदा शिकविताना वर्गात ग्रामसभेचा खेळ घेता येईल. गावाची परिस्थिती प्राध्यापकाने सांगावी, कायद्याच्या मर्यादेत निवाडाही द्यावा. परंतु ठराव मंजूर व्हावा की फेटाळावा, हे त्याने मनात आधीच ठरविले, तर विद्यार्थी ते अचूक ओळखतात आणि 'सरांना हवे ते' बोलू लागतात. पाड्यावरून येणारी, घरात प्रथमच महाविद्यालयात पोहोचलेली विद्यार्थिनी अशा वेळी गप्प बसते. ज्या कायद्याने तिच्या ग्रामसभेला निर्णयाचा अधिकार दिला, तो शिकतानाच तिचा निर्णय हिरावला जातो.

समारोप

सारांश, सूत्रधाराला परिस्थिती मांडण्याचा आणि शंकेच्या क्षणी निवाडा देण्याचा अधिकार असावा. निवड करण्याचा नसावा. त्याचा निर्णय अंतिम असला तरी तो कोणत्या नियमाने दिला, हे विचारण्याचा हक्क प्रत्येक खेळाडूला असलाच पाहिजे.