आंब्याचं ‘गॅप इयर’

भिवंडीहून अंबाडीमार्गे वज्रेश्वरीला निघालात आणि पॉवरलूम, गोदामं मागे पडली, की रायवळ आंब्याची झाडं दिसू लागतात. एखाद्या उन्हाळ्यात त्यांच्या फांद्या कैऱ्यांनी वाकतात. पुढच्या वर्षी त्याच झाडावर नेम धरायलाही कैरी सापडत नाही! झाड रुसलं का? नाही, ते गॅप इयर घेतंय.

फळं धरणं म्हणजे झाडासाठी मोठा खर्च. भरघोस बार आला की साठवलेलं अन्न संपतं आणि पुढचं वर्ष बचतीत जातं. म्हणूनच ‘आंबा एक वर्षाआड’ असं घरोघरी म्हणतात. पण नुसती बचत पुरत नाही. हिरवा सिग्नल देतं ते हवामान. पाऊस संपून जमीन सुकली आणि रात्रीचा पारा १५ अंशांच्या आसपास उतरला, की पालवीऐवजी मोहर फुटतो. थंडी लांबली की मोहरही लांबतो. त्यात ऐन मोहरात अवकाळी पाऊस आला, तर पराग वाहणाऱ्या माश्या फिरकत नाहीत, करपा पडतो, मोहर काळा होऊन गळतो.

जगभरच्या जंगलांतही हा खेळ चालतो. युरोपातल्या बीच झाडांना उबदार उन्हाळा मिळाला, की पुढच्या वर्षी बियांचा सडा पडतो. बोर्निओत बरेचदा एल निनोच्या दुष्काळानंतर अख्खं जंगल एकदम फुलतं. शास्त्रज्ञ याला ‘मास्ट इयर’ म्हणतात. त्यामागची आयडिया भारी आहे: सगळ्यांनी एकदम बिया टाकल्या, तर उंदीर-खारी खाऊन खाऊन किती खाणार? उरलेल्या रुजतात.

पण हिवाळा नीट पडलाच नाही तर? बाठे कमी, म्हणजे नवी रोपंही कमी. आणि रस्त्याकडेला आंब्याची टोपली घेऊन बसणाऱ्या पाड्यावरच्या मावशीचा मे महिना कोरडा.

आपण काय करू शकतो? बाठ्यापासून उगवलेल्या प्रत्येक रायवळ झाडाची चव वेगळी. म्हणून भरघोस वर्षी आंबा खाल्लात की बाठा फेकू नका. तो महिनोन्‌महिने टिकत नाही, लगेच मातीत लावा. आणि घराजवळचं एक झाड निवडून मोहर कधी आला, कैऱ्या किती धरल्या, हे दरवर्षी लिहून ठेवा. ‘सीझनवॉच’ हा उपक्रम देशभरातून अशाच नोंदी गोळा करतो. पाच-सात वर्षांनी तुमच्या वहीतच दिसेल, झाड कधी दमलं होतं आणि हवामान कधी बिघडलं होतं.