घरचा आंबा, वाशीचा भाव

गणपतीला किंवा ईदला आखातातून खेडला सुट्टीवर आलेला माणूस भरणे नाक्याजवळ गाडीत पेट्रोल भरतो आणि हमखास एक प्रश्न विचारतो. कुवेतमध्ये ९१ ऑक्टेनचं पेट्रोल लिटरला ८५ फिल्स, म्हणजे आपले पंचवीस रुपयांच्या आतबाहेर. २०१६ पासून तिथे हाच दर आहे. मग इथे शंभरीच्या वर का? ‘त्यांच्याकडे तेल आहे, आपल्याकडे नाही’ असं उत्तर त्याला बहुधा मिळतं. यातला ‘आपल्याकडे नाही’ हा भाग तरी कोकणातल्या माणसाने मान्य करू नये.

मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, ‘मुंबई हाय’ क्षेत्रात, अरबी समुद्राच्या तळाखालच्या चुनखडकात तेल आहे. त्या परिसरात गाळाच्या थरांचं बूड पुष्कळ ठिकाणी दख्खनच्या काळ्या पाषाणाचं आहे. खेडच्या डोंगरांत दिसतो तोच हा पाषाण. १९६०च्या दशकात ‘अकादमिक आर्खांगेल्स्की’ या सोव्हिएत जहाजाने भूकंपलहरींच्या तंत्राने इथला समुद्रतळ चाचपला. पुढे जपानमध्ये बांधलेल्या ‘सागर सम्राट’ या विहीर खोदणाऱ्या फलाटाने तळावर पाय रोवून फेब्रुवारी १९७४ मध्ये तेल शोधलं आणि १९७६ मध्ये ते वाहू लागलं. या कहाणीत केशवदेव मालवीय यांचं नाव फार कमी घेतलं जातं, याची मला खंत वाटते. कानपूरला तेल तंत्रज्ञान शिकलेले हे मंत्री. भारतात सापडण्याजोगं फारसं तेल नाही, असं पाश्चात्त्य तज्ज्ञ सांगत असताना त्यांनी सोव्हिएत भूवैज्ञानिकांना बोलावलं आणि १९५६ मध्ये तेल व नैसर्गिक वायू आयोग उभा केला.

तेलाच्या गुणातही मुंबई हाय कमी नाही. ते हलकं आहे आणि त्यात गंधक अगदी थोडं. कुवेतचं तेल तुलनेने जड आणि गंधकाने भरलेलं. ते गंधक शुद्धीकरण कारखान्यात हायड्रोजनच्या मदतीने काढावं लागतं. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकात तर दहा लाख भागांत गंधकाचे दहाच भाग चालतात. फरक आहे तो साठ्याचा आणि उपशाच्या कष्टांचा. १९३८ मध्ये सापडलेलं कुवेतचं बुर्गान हे जगातल्या सर्वांत मोठ्या तेलक्षेत्रांपैकी एक. तिथलं तेल जमिनीवरच्या विहिरींतून अनेक दशकं स्वतःच्या दाबाने वर येत राहिलं. आपल्याला भर समुद्रात पोलादी फलाट उभारावे लागतात आणि खडकातला दाब टिकवायला आत पाणी भरावं लागतं. एवढं करूनही देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक आयातच होतं.

पण उपशाचा खर्च कमी म्हणून विक्रीचा भाव कमी, असं कुठेच होत नाही. आपल्याकडचा आंबा बागायतदार बघा. कलम त्याच्या परसातलं, खत-राखण त्याची, तरी खेडच्या बाजारात पेटी विकताना तो वाशीच्या घाऊक बाजारात भाव काय फुटला ते आधी विचारतो. इथे स्वस्त देण्यापेक्षा तो माल वाशीला पाठवील. मुंबई हायचं तेलही तसंच जागतिक भावाला बांधलेलं आहे. कुवेत हा घरच्यांना हापूस जवळजवळ फुकट वाटणारा बागायतदार. घरातल्यांना ते स्वस्त वाटतं, पण वाटलेल्या प्रत्येक पेटीचे वाशीला मिळाले असते ते पैसे त्याने सोडलेले असतात.

हे सोडणं सगळ्याच तेलसंपन्न देशांना परवडत नाही, किंवा करायचं नसतं. संयुक्त अरब अमिरातींनी ऑगस्ट २०१५ पासून पंपावरचा दर जागतिक बाजाराशी जोडला. तो दर महिन्याला बदलतो. सौदीत २०१५ च्या डिसेंबरपर्यंत ९१ ऑक्टेनचं पेट्रोल ४५ हलालांना मिळायचं. २०२१ मध्ये ते २ रियाल १८ हलालांवर गेलं, जवळजवळ पाचपट. नॉर्वे तेल निर्यात करतो आणि आपल्याच नागरिकांकडून पेट्रोलवर जबर करही घेतो. तेलाचं उत्पन्न पुढच्या पिढ्यांसाठीच्या निधीत साठवतो. म्हणजे जागतिक भाव साधारण एकच. त्यातून किती सोडायचं की त्यावर किती चढवायचं, हे प्रत्येक सरकार ठरवतं आणि दरांतला मोठा फरक तिथेच पडतो.

हे पाहायला परदेशी जायचीही गरज नाही. एप्रिल २०१२ मध्ये मनोहर पर्रीकरांनी गोव्यात पेट्रोलवरचा मूल्यवर्धित कर ०.१ टक्क्यावर आणला आणि दर लिटरमागे सुमारे ११ रुपयांनी उतरला. आमच्या जिल्ह्यात हर्णैला मच्छीमारांच्या यांत्रिक नौकांना डिझेलवरच्या राज्य कराचा परतावा मिळतो. त्याच डिझेलवर धावणाऱ्या टेम्पोवाल्याला मिळत नाही. महाराष्ट्रात २०२४ पासून पेट्रोलवर २५ टक्के आणि वर लिटरमागे ५ रुपये १२ पैसे राज्य कर आहे. तो केंद्राचं उत्पादन शुल्क धरून आकारला जातो, म्हणजे करावर कर. शिवाय टक्केवारीत असल्यामुळे तेल महागलं की तोही आपोआप वाढतो.

आता दर चढतच का जातात, ते. एक हिशेब मला फार बोलका वाटतो. जुलै २००८ मध्ये कच्चं तेल बॅरलला १४७ डॉलरवर गेलं होतं आणि डॉलर ४३ रुपयांच्या आसपास होता. बॅरल म्हणजे १५९ लिटर. भागाकार केला की लिटरला साधारण ४० रुपये येतात. नोव्हेंबर २०२१ च्या सुरुवातीला तेल ८४ डॉलरच्या आसपास, डॉलर साडेचौऱ्याहत्तर रुपयांजवळ. पुन्हा लिटरला ४० रुपयेच! पण दिल्लीत पेट्रोल २००८ मध्ये पन्नाशीला होतं आणि २०२१ मध्ये ११० रुपयांना. २००८ मध्ये दर सरकारच्या हाती होता आणि तूट तेलरोख्यांच्या कर्जावर ढकलली जायची. ते स्वस्त पेट्रोल उधारीचं होतं, हे मान्य करायला हवं. पण २०१४ मध्ये लिटरला ९ रुपये ४८ पैसे असलेलं उत्पादन शुल्क २०२० मध्ये ३२ रुपये ९८ पैशांवर गेलं, हेही तितकंच खरं. नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात, तेल कोसळत असताना, हे शुल्क नऊ वेळा वाढवलं. स्वस्ताईचा फायदा खजिन्याने घेतला. महागाई मात्र ग्राहकापर्यंत पोचली. पुढे २०२१ आणि २०२२ मध्ये शुल्क उतरवलं, तरी ते २०१४ च्या पातळीला आलं नाही. रुपयाच्या घसरणीचं ओझं त्यावर वेगळंच.

आणखी एक वाढ फलकावर दिसतच नाही. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. लिटरभर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा, इथेनॉलमध्ये २१. म्हणजे मिश्रणात शुद्ध पेट्रोलपेक्षा सात टक्के ऊर्जा कमी. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त असल्यामुळे त्यासाठी बनवलेल्या इंजिनात ही तूट थोडी भरून निघते. जुन्या दुचाकीत ती मायलेजवर दिसते. परकीय चलन वाचतं, ऊस उत्पादकाला पैसे मिळतात, हे लाभ खरे आहेत. पण शंभर रुपयांमागे सात रुपयांची ऊर्जा कमी देताना दरही तेवढा उतरायला हवा होता. पंपावर पेट्रोलची घनता रोज लिहितात. तिच्याखाली लिटरमागची ऊर्जाही लिहिली, तर कशेडी घाटाचा चढ चढणाऱ्या दुचाकीस्वाराला आपण नेमकं काय विकत घेतलं ते कळेल.