जुनी 'थ्री सिरीज' दारात आणताना

रायपूरच्या बूढ़ापाऱ्यातल्या मराठी घरालाही सेकंडहँड बीएमडब्ल्यू 'थ्री सिरीज'चा मोह पडू शकतो. मोह अगदीच खोटा नाही. २००७पासून चेन्नईत जुळवल्या जाणाऱ्या या गाडीत इंजिनाचा जोर मागच्या चाकांवर असतो. पुढच्यांना फक्त वळायचे काम, म्हणून स्टिअरिंग इतके नेमके. नागपूरच्या रस्त्यावर चालवणाऱ्याची चैनच! पण मागे मधोमध बसणाऱ्या आजींचे काय? त्यांच्या पायांत उंचवटा येतो. गल्लीतल्या गतिरोधकावर ठेंगण्या गाडीचे पोट घासण्याची धास्ती वेगळीच. रनफ्लॅट टायर पंक्चर झाला तरी ताशी ८० किलोमीटरच्या आत साधारण ८० किलोमीटर नेतो, मात्र एरवी धक्के जाणवतात आणि नवा टायर महाग पडतो. जुन्या गाडीची किंमत उतरते, सुट्या भागांची नाही. विसार देण्यापूर्वी सर्व्हिसची कागदपत्रे वहिनींनीच मागून घ्यावीत.