रुग्णालयात वृद्धांच्या उशाशी

निपाणीकडील घरातून म्हातारे माणूस रुग्णालयात न्यावयाचे झाले, की दोन वाटा फुटतात. एक उत्तरेची, सुमारे ४० किलोमीटरांवरील कोल्हापूरची. दुसरी दक्षिणेची, सुमारे ७५ किलोमीटरांवरील बेळगावची. एका दुखण्यात एक वाट, पुढच्या दुखण्यात दुसरी, असे पुष्कळदा घडते, आणि जुने कागद मात्र घरीच राहतात. मग रक्तदाबाचे एकच औषध दोन निराळ्या नावांनी पोटात जाऊ शकते. यास्तव गोळ्यांची पाकिटेच पिशवीत घालून न्यावीत. घरचा काढा चालू असल्यास तोही डॉक्टरांपासून लपवू नये.

दुसऱ्या-तिसऱ्या रात्री आजोबा असंबद्ध बोलू लागतात, सलाईनची नळी ओढतात, पोटच्या मुलास ओळखीत नाहीत. आपण म्हणतो, ‘वय झाले, चळ लागला.’ ही समजूत घातक आहे. कालपर्यंत नीट बोलणाऱ्याची बुद्धी एका रात्रीत ढळली, तर तिच्यामागे बहुधा नवे कारण असते: लघवीतील जंतुसंसर्ग, शरीरातील पाणी आटणे, तुंबलेली लघवी, एखादी झोपेची गोळी. हे तत्काळ डॉक्टरांच्या कानी घालावे. काही रुग्ण गडबड न करता नुसतेच गुंगून पडतात. त्यांना ‘शांत झोप लागली’ असे मानणे तर अधिकच धोक्याचे.

अमेरिकेतील डॉ. शॅरन इनूये व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली सत्तर वा अधिक वयाच्या ८५२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नेहमीची शुश्रूषा मिळालेल्यांत शेकडा १५ जणांना असा भ्रम झाला. ज्यांचा चष्मा व कर्णयंत्र जवळ ठेवले, ज्यांना वेळेवर पाणी पाजले, थोडे चालविले, रात्री निवांत झोपू दिले आणि वार-स्थळाची आठवण देत गप्पा मारल्या, त्यांत हे प्रमाण दहाच्याही किंचित खाली आले. यांतील बहुतेक कामे घरच्या माणसाच्या हातची आहेत.

आपल्या सीमाभागात भाषेचाही प्रश्न येतो. बेळगावात मराठी जाणणारे पुष्कळ भेटतात. परंतु रात्रपाळीची परिचारिका केवळ कन्नड जाणणारी असेल, तर आजीची ‘कळ’ तिला कशी कळावी? पाण्यास ‘नीरु’ म्हणतात, ते आपल्या ओळखीचेच. दुखण्यास ‘नोवु’ म्हणतात. असे चार शब्द कुणाकडून कन्नड लिपीत लिहवून उशाशी ठेवावेत.

पडण्याचे भय विशेषतः रात्री. दमलेल्या सुनेला उठवावयाचा संकोच वाटून म्हातारे माणूस एकटेच मोरीकडे निघते. म्हणून निजण्यापूर्वी त्यांना नेऊन आणावे, मंद दिवा ठेवावा, आणि सोबतीच्या साऱ्या रात्री एकाच सुनेवर न टाकता घरातल्या पुरुषांनीही पाळी धरावी.