वजनाचे औषध आणि पडद्यावरचा डॉक्टर

इंदुरातील मराठी घरांतून अलीकडे एक नवाच विषय चर्चेला आलेला आम्हांस आढळतो. पूर्वी कोणाचे वजन वाढले की एक जण पहाटे फिरावयास जाण्याचा सल्ला देई, दुसरा रात्रीचे जेवण सोडण्याचा, आणि दोघेही रात्री दहा वाजता सराफ्यात एकमेकांना भेटत. आता गोष्टी निघतात त्या आठवड्यातून एकदा टोचून घ्यावयाच्या औषधाच्या, आणि ते मोबाइलवरून कोणाकडून मागवावे याच्या.

टिर्झेपेटाइड हे औषध ‘मौंजारो’ या नावाने मार्च २०२५ मध्ये भारतात आले, आणि सेमाग्लुटाइड ‘वेगोव्ही’ या नावाने त्याच वर्षी जूनमध्ये. सेमाग्लुटाइडच्या भारतीय पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच. औषध गुणकारी आहे यात शंका नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत १,९६१ प्रौढांचा समावेश होता. ६८ आठवड्यांनंतर सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचे वजन सरासरी १४.९ टक्क्यांनी उतरले, नुसती खोटी सुई घेणाऱ्यांचे २.४ टक्क्यांनी. तेव्हा प्रश्न औषधाचा नाही. ते देणारा कोण, हा आहे.

आमच्या परिचयातील एक शिक्षिकाबाई, वय अठ्ठेचाळीस, मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडची गोळी घेणाऱ्या, गुडघ्यांनी बेजार. दोन मजले चढून वर्गात पोहोचेपर्यंत त्यांना तीनदा थांबावे लागे. त्यांनी तीन ठिकाणी चौकशी केली. पहिल्या ठिकाणी उंची, वजन आणि पैसे भरण्याचा तपशील एवढेच विचारले आणि दहा मिनिटांत ‘आपण पात्र आहात’ असे उत्तर आले. दुसऱ्या ठिकाणी बोलणे फार गोड. मात्र सहा महिन्यांचे पैसे आगाऊ. तिसऱ्या ठिकाणी एक डॉक्टरीणबाई पडद्यावर प्रत्यक्ष आल्या, वीस मिनिटे बोलल्या, जुने कागद मागितले, तीन महिन्यांची सरासरी साखर व मूत्रपिंडाची तपासणी करावयास सांगितली, आणि त्या दिवशी औषध लिहिलेच नाही. घरात गहजब झाला. “पैसे घेऊन रिकाम्या हाताने परत पाठविले,” असे यजमानांचे म्हणणे.

आमच्या मते तिघांत खरे काम केले ते त्या बाईंनीच. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असता ही सुई सुरू केली तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. जुन्या गोळीची मात्रा आधी पाहावी लागते. कुटुंबात कोणास थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग झाला होता काय, स्वादुपिंडास सूज येऊन गेली होती काय, पित्ताशयात खडे आहेत काय, तरुण स्त्री असल्यास अपत्याचा विचार आहे काय, हे ज्याने विचारले नाही त्याने औषध दिले नाही, माल विकला.

कायद्याची बाजूही वाचकांनी ध्यानी घ्यावी. २५ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने दूरवैद्यकाचे नियम प्रसिद्ध केले. त्यांनुसार सल्ला व औषध देण्याचा अधिकार नोंदणीकृत डॉक्टरासच आहे; कंपनीस नाही, यंत्रास तर नाहीच. डॉक्टराचे नाव, पदवी व नोंदणी क्रमांक रुग्णास कळलाच पाहिजे. काही साधी औषधे वगळता पहिल्याच भेटीत नवे औषध लिहावयाचे तर ती भेट समोरासमोर दिसणाऱ्या संभाषणाची असावी लागते. केवळ प्रश्नपत्रिका भरून घेऊन चिठ्ठी देणारा येथेच नापास होतो. आणि लठ्ठपणा हमखास बरा करण्याच्या जाहिरातींविषयी म्हणाल, तर १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यातील रोगांच्या यादीत लठ्ठपणाचे नाव आहे. जाहिरातदारांनी ती यादी वाचलेली दिसत नाही.

उंची-वजनाच्या गणितावर सर्व सोपविणे आम्हां भारतीयांच्या बाबतीत विशेष फसवे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आपली दोघांची छायाचित्रे छापली होती. दोघांचाही निर्देशांक २२.३, पण शरीरातील चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिनांची ९.१. कमरेचा घेर व रक्ताच्या तपासण्या न पाहता आपल्याकडच्या माणसाविषयी निर्णय देणारा डॉक्टर अर्धाच कागद वाचतो. याउलट, लग्न ठरवावयाचे म्हणून सडसडीत मुलीसाठी ही सुई मागविणारे आईबापही आम्ही पाहिले आहेत. त्यांना नकार देणारे दुकान मिळो, एवढेच म्हणतो.

सेमाग्लुटाइडची मात्रा ०.२५ मिलिग्रॅमपासून पायरीपायरीने वाढवीत २.४ वर न्यावी लागते. एकेक पायरी साधारण चार आठवड्यांची. मळमळ, ओकाऱ्या, बद्धकोष्ठ यांचा त्रास बहुधा याच काळात होतो, आणि पायरी चढावी की थांबावे हे त्या त्या वेळी ठरवावे लागते. म्हणून सहा महिन्यांचा ठरीव गठ्ठा घेण्यापूर्वी विचारावे: मध्यंतरी कोण बोलणार? तोच डॉक्टर की दर वेळी नवा? पोटात पाठीपर्यंत जाणारी तीव्र कळ आली, तर पडद्यावरचा डॉक्टर पोटास हात लावू शकत नाही. गावातला एक डॉक्टर माहितीत असलाच पाहिजे. न उघडलेले औषध २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते, गोठले तर फेकावेच लागते. मे महिन्यात इंदुरात ते कसे पोहोचविणार, याचे उत्तर दुसऱ्या कंपनीस देता आले नाही.

शेवटचा प्रश्न पैशाचा, आणि तो महिन्याच्या किमतीने सुटत नाही. वर सांगितलेल्या चाचणीतील काही लोकांचे औषध बंद केल्यावर वर्षभर निरीक्षण केले, तेव्हा उतरलेल्या वजनाचे सुमारे दोन-तृतीयांश परत चढलेले आढळले. शिक्षिकाबाईंनी तपासण्या करून तिसऱ्याच डॉक्टरीणबाईंकडे औषध सुरू केले. त्यापूर्वी वहीत त्यांनी एका महिन्याचा नव्हे, तीन वर्षांचा खर्च मांडला, धाकट्याच्या कॉलेजच्या फीशेजारी. आणि औषध बंद करावयाची वेळ आली तर पुढे काय, हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारून उत्तर लिहून घेतले.