बेरीज तीन मायक्रॉनच्या आत

टोयोटाच्या १९९३ सालच्या सुप्रात २जेझेड नावाचं ‘स्ट्रेट सिक्स’ इंजिन होतं. सहा सिलिंडर एका रांगेत, प्रत्येकाचा व्यास ८६ मिलिमीटर आणि पिस्टनचा स्ट्रोकही ८६ मिलिमीटरच. क्रँकची त्रिज्या त्याच्या निम्मी, म्हणजे ४३. पिस्टन आणि क्रँक यांना जोडणारा कनेक्टिंग रॉड १४२ मिलिमीटरचा. एवढे आकडे हाताशी असले की बाकीचं सगळं शाळेतल्या भूमितीने निघतं.

आधी वेग बघू. काटा ६,००० आरपीएमवर असताना क्रँकशाफ्ट सेकंदाला १०० फेरे मारतो. एका फेऱ्यात पिस्टन वरून खाली जाऊन परत वर येतो, म्हणजे सेकंदात दोनशे वेळा तो पूर्ण थांबतो आणि उलटा निघतो. दोन थांब्यांमध्ये जेमतेम ८६ मिलिमीटर. तेवढ्यात ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठायचा आणि पुन्हा शून्यावर यायचं. वरच्या टोकाला, गॅरेजच्या भाषेत टीडीसीला, त्याचं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे सव्वादोन हजार पट असतं. पिस्टनच्या दर १०० ग्रॅममागे रॉडवर सव्वादोनशे किलोंचा ताण! खालच्या टोकाला मात्र हाच आकडा बाराशे पटींवर येतो.

वर इतकं आणि खाली निम्मं, हे रॉडमुळे होतं. क्रँक टीडीसीपासून ९० अंश फिरला की पिस्टन बरोबर अर्ध्यावर असेल, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात तो ४९.६७ मिलिमीटर उतरलेला असतो. ४३ चा टप्पा त्याने ८१ अंशांनाच ओलांडलेला असतो. क्रँक बाजूला सरकला की रॉड तिरका होतो, तिरका रॉड उभ्या दिशेत तोकडा पडतो आणि ती तूट पिस्टनला जादा खाली ओढते. पुढच्या ९० अंशांत मग ३६.३३ मिलिमीटरच उरतात. वेळ तेवढाच, वाट कमी. टोकांशी तर पिस्टन रेंगाळतोच: टीडीसीनंतरच्या पहिल्या १० अंशांत ०.८५ मिलिमीटर, आणि ७० ते ८० अंशांदरम्यान तब्बल ७.८.

असे सहा पिस्टन जोडीजोडीने चालतात. पहिला सहाव्याबरोबर, दुसरा पाचव्याबरोबर, तिसरा चौथ्याबरोबर. तिन्ही जोड्या एकमेकींपासून १२० अंशांवर. मागचे तीन म्हणजे पुढच्या तिनांची आरशातली प्रतिमा, त्यामुळे इंजिनाची टोकं आळीपाळीने वरखाली होत नाहीत. जोडीतले दोघे एकदमच वर येतात, पण एकात ठिणगी पडत असते तेव्हा दुसऱ्याने जळका वायू नुकताच बाहेर ढकललेला असतो. फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४. (टाटाच्या ट्रकांमधलं ६९७ डिझेल इंजिनही ह्याच क्रमाने धडधडत घाट चढलं.) दर १२० अंशांना एक स्फोट, सेकंदाला ३००.

आता खरी गंमत. पहिला आणि सहावा पिस्टन टीडीसीला आणून क्रँक थांबवा. बाकीचे चार नेमके एका रेषेत सापडतील, वरच्या टोकापासून ६९.४७० मिलिमीटरवर, त्यांतले दोन उतरणारे, दोन चढणारे. सहांच्या अंतरांची बेरीज २७७.८८०. क्रँक ३० अंश पुढे न्या. जोड्या आता ७.३९८, ८१.८७६ आणि ४९.६६७ वर आहेत, एकही जुन्या जागी नाही. बेरीज २७७.८८२. क्रँक कुठेही थांबवा, ही बेरीज तीन मायक्रॉनच्या आतच हलते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो.

म्हणजे सहा पिस्टनांची सरासरी पातळी अर्धा मायक्रॉनही वरखाली होत नाही. हेच पिस्टन आणि हेच रॉड चार सिलिंडरांच्या इंजिनात बसवले, तर ती पातळी प्रत्येक फेऱ्यात दोनदा ६.६७ मिलिमीटर हलते. तेरा हजार पटींहून जास्त! तिथे दोन पिस्टन वर आणि दोन खाली असल्याने तोल साधल्यासारखा दिसतो, पण तिरक्या रॉडची तूट चौघांतही एकाच वेळी एकाच दिशेने साठते. म्हणून कित्येक चार सिलिंडरी इंजिनांत क्रँकच्या दुप्पट वेगाने फिरणारे दोन तोल-शाफ्ट बसवावे लागतात. ही युक्ती इंग्रज इंजिनिअर फ्रेडरिक लँचेस्टर यांची. स्ट्रेट सिक्समध्ये तूट १२० अंशांनी तिघांत वाटली जाते आणि आपोआप फिटते.

लोखंडात हे इतकं नेमकं उतरत नाही, हे उघड आहे. पिस्टन आणि सिलिंडरच्या भिंतीतली फटच तीन मायक्रॉनच्या कैक पट असते. शिवाय सहा सिलिंडरांचा क्रँकशाफ्ट लांब असतो आणि स्फोटांच्या माऱ्याने तो पीळ खातो, सुटतो, पुन्हा पीळ खातो. क्षणभर पहिला आणि सहावा पिस्टन जोडीदार राहत नाहीत. हा पीळ आवरायला पुढच्या टोकाच्या क्रँक पुलीत रबराचं कडं घातलेलं असतं. ते फाटलं, तर तोल कितीही नेमका असो, क्रँकशाफ्ट तुटू शकतो.