मूलपेशी आणि मधुमेह

गेल्या उन्हाळ्यांत सानगडीचे एक पालक आम्हांस भेटावयास आले. त्यांच्या मुलास लहानपणींच मधुमेह जडला असून दिवसांतून चार वेळां इन्सुलीन टोंचून घ्यावें लागतें. त्यांच्या हातीं दूरच्या एका दवाखान्याची जाहिरात होती : मूलपेशी घातल्या कीं सुई कायमची सुटेल! “गुरुजी, धानाच्या दोन बांध्या विकूं काय?” असें त्यांनीं विचारिलें.

हा मधुमेह गोड खाल्ल्यानें होत नाहीं. शेजारणींनीं त्या माउलीस उगाच बोल लावूं नये. जठराच्या मागें स्वादुपिंड नांवाचा अवयव आहे. त्यांतील बीटा पेशी इन्सुलीन तयार करितात. रोगजंतूंशीं लढणारी शरीराची प्रतिकारशक्ति भ्रमानें ह्याच पेशींस शत्रु समजून मारिते. राखणदारानेंच धन्याचें कोठार जाळावें, तसा हा प्रकार. १९२१ सालीं टोरांटो येथें इन्सुलीनचा शोध लागण्यापूर्वीं अशीं मुलें फार दिवस जगत नसत.

जिच्यापासून नाना प्रकारच्या पेशी घडूं शकतात ती मूलपेशी. योग्य द्रव्यें योग्य क्रमानें दिल्यास तिची बीटा पेशी बनवितां येते. पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रांत डॉ. रमेश भोंडे यांनीं ह्या विषयावर पुष्कळ संशोधन केलें. अमेरिकेंत डग्लस मेल्टन यांनीं २०१४ सालीं अशा पेशी विपुल प्रमाणांत करून दाखविल्या. त्यांच्या स्वतःच्या दोन्ही मुलांस हाच रोग आहे. २०२५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत पूर्ण मात्रा दिलेल्या १२ प्रौढ रुग्णांपैकीं १० जणांस वर्षअखेर इन्सुलीनची गरज उरली नव्हती.

परंतु राखणदार तोच! नव्या पेशींवरही तो तुटून पडतो. म्हणून प्रतिकारशक्ति दडपणारीं औषधें सतत घ्यावीं लागतात, आणि मग साधा जंतूही घातक ठरतो. त्या प्रयोगांतील एक रुग्ण अशाच संसर्गानें दगावला. लहान मुलास ह्या संकटांत लोटावें काय? भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या नियमांप्रमाणें रक्ताच्या कांहीं रोगांखेरीज मूलपेशींचा उपयोग केवळ मान्यताप्राप्त प्रयोगांतच करावयाचा आहे. जाहिरात देऊन पैसे घेणें हा प्रयोग नव्हे.

बांध्या विकल्या गेल्या नाहींत. वीज गेली म्हणजे त्या घरीं इन्सुलीनची बाटली ओल्या वाळूवरील मडक्यांत ठेवितात. वाळूवर पाणी शिंपण्याचें काम मुलानें स्वतःकडे घेतलें आहे.